फिद्दाने न प्यालेली कॉफी

कराक गावात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या फिद्दाने मुलीसाठी गाडी घेतली होती. मुलगी हदील डॉक्टर झाली होती आणि रविवारी वाळवंटातल्या दवाखान्यात रुजू होणार होती; तिकडे बस जात नव्हती. गाडी शोरूमच्या दारातच उभी होती, पण नंबरप्लेट लावायला कोणाला सवड नव्हती. शोरूमचा मालक तिसऱ्यांदा म्हणाला, "उद्या या, मावशी."

फिद्दा हदीलशेजारच्या खुर्चीतून हललीच नाही. शेवटी त्याने लाजेकाजेस्तव कॉफी मागवली. तिने कप घेतला आणि न पिता टेबलावर ठेवला.

शोरूममधले सगळे त्या कपाकडे पाहू लागले. वाळवंटातल्या तंबूंच्या जुन्या रीतीप्रमाणे मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही, आणि तसाच उठून गेला तर यजमानाच्या घराण्याची अब्रू जाते, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक.

"मावशी, हे दुकान आहे, तंबू नाही!"

"मग कॉफी कशाला दिलीस, बाळा?"

मालक ओशाळला. "प्या. आज देतो गाडी."

"आधी किल्ली."

नंबरप्लेट लागून किल्ली हातात पडल्यावर तिने निवलेली कॉफी एका घोटात संपवली. परतताना गाडी हदील चालवत होती, आणि ओळखीचं कोणी दिसलं की फिद्दा काच खाली करून उगाच हाक मारत होती.