हरकतीचा नमुना

शारजातल्या एकाच कंपनीत माणूस सतरा वर्षे टिकला की किस्से त्याच्याकडे आपोआप जमतात. खिडकी घट्ट लावलेली असली तरी तिच्या खाचेत वाळू जमते, तसे. दुपारी डब्याच्या टेबलावर आम्ही ते एकमेकांना वाढतो. हसू आणणारे लवकर संपतात. उरतात ते सांगणाऱ्यालाच बोचणारे. खालचे सगळे एकाच प्रोजेक्टचे आहेत. आधी हसून घ्यावे. मीही हसलो होतो.

*

आमची कंपनी भाज्या आणि खजूर पॅक करून विकते. मी क्वालिटी विभागाचा प्रमुख. काही वर्षांपूर्वी युरोपातल्या एका संशोधन प्रकल्पात आम्ही भागीदार झालो. तिकडच्या जनतेच्या करातून चालणारे, शेती आणि अन्न यांवरचे संशोधन. अशा कामात विद्यापीठांच्या जोडीला खासगी कंपन्यांनाही मुद्दाम घेतात. लॅबमध्ये सापडलेले लॅबमध्येच पडून राहू नये, लोकांच्या ताटापर्यंत पोचावे, हा हेतू. हेतू चांगला होता. हे मी आजही म्हणतो.

पहिली मीटिंग स्क्रीनवर झाली. प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर एलेना, स्पेनमधल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापक. त्यांनी प्रत्येकाला विचारले, तुम्ही या कामात काय आणणार? कोणी म्हणाले लॅब, कोणी म्हणाले तीस वर्षांचा अनुभव. आमचे डायरेक्टर सेठीसाहेब खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "वुई ब्रिंग द मार्केट!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्क्रीन बंद झाली. साहेब माझ्याकडे वळले.

"अभ्यंकरजी, ये प्रोजेक्ट है किस चीज का?"

"टमाटर का, सर. लेप लगाएंगे, तो फ्रिज के बिना ज्यादा दिन टिकेगा."

"अच्छा? मैं खजूर समझा था."

"खजूर भी है, सर. लेप खजूर की गुठली से बनेगा."

"देखा!" साहेब उठता उठता म्हणाले, "मैं गलत नहीं था."

*

प्रकल्पाच्या करारात एक नियम होता. कोणताही निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी तो सर्व भागीदारांना दाखवायचा. कोणाच्या धंद्याला त्यातून बाधा येत असेल, तर त्याने तीस दिवसांत लेखी हरकत घ्यायची. हरकत आली की प्रसिद्धी थांबते. तीस दिवस कोणी काहीच बोलले नाही, तर संमती धरली जाते. गप्प बसणे म्हणजे हो.

उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले. साहेबांची सूचना स्पष्ट होती. "जो भी आए, ऑब्जेक्शन डाल दो. बाद में देखेंगे."

मी हरकतीच्या पत्राचा एक नमुना तयार केला. चार ओळींचा, निर्दोष इंग्रजीतला. फक्त तारीख आणि विषय भरायचा. मला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही.

पहिली हरकत ज्या कागदावर गेली तो शोधनिबंध नव्हता. ते एका प्रदर्शनासाठीचे पोस्टर होते. त्यावर प्रकल्पाचे नाव आणि एका टोमॅटोचे चित्र, एवढेच. डॉक्टर एलेनांचे नम्र पत्र आले: "आपली हरकत नेमकी कोणत्या भागावर आहे?"

मी पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी पोस्टर नीट पाहिले.

"टमाटर पे," ते म्हणाले.

*

आमच्याकडून प्रत्यक्ष काम करणारी एकच व्यक्ती होती. सविता आपटे. पुण्यात शिकलेली, शारजातच अल मजाज भागात नवरा आणि मुलीसह राहणारी. मला दादा म्हणते. लेप कसा जमवायचा, किती पातळ लावायचा, हे सगळे तिचे.

प्रयोगाला टोमॅटो हवे होते, तेही शेतातून थेट. रास अल खैमाकडे अबू सालेम यांची बाग आहे. सत्तरीचे गृहस्थ, पांढराशुभ्र पायघोळ अंगरखा, म्हणजे कंदुरा, आणि जुन्या पिढीतल्या पुष्कळ इमाराती लोकांना येते तशी उत्तम हिंदी. हिवाळ्यात त्यांचे टोमॅटो सगळे एकदम पिकतात. चार दिवसांत मऊ पडतात. जे विकले जात नाहीत ते बकऱ्यांपुढे टाकतात. आसपासच्या सगळ्या बागांची हीच कथा.

"ले जाओ," ते म्हणाले. "पूरा सीझन ले जाओ. लेकिन जो निकलेगा वो मेरे को लिख के देना. मैं मजलिस में सब को पढ़ के सुनाएगा. सब का बाग है इधर."

"बिलकुल, बाबा," सविता म्हणाली. "छापून येईल. खाली तुमचं नावही येईल, आभार म्हणून." मग तिने तेच हिंदीत सांगितले.

"मेरा नाम? किताब में?" म्हातारा लहान मुलासारखा हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी वयाने मोठा, म्हणून.

मी होकारार्थी मान हलवली.

निघताना सविता म्हणाली, "अगले साल तक कागज आ जाएगा बाबा, इन्शाल्ला."

अबू सालेम थांबले. "बेटी, एक बात बोलूं? इन्शाल्ला बोलते टाइम मैं ऊपर देखता हूं. तुम ऑफिस वाले लोग घड़ी देखते हो."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघे खूप हसलो.

*

माघी गणेश जयंतीला सविताकडे दरवर्षी जेवण असते. त्या वर्षी टोमॅटोची कोशिंबीर होती. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्सहून आलेल्या एका वहिनींनी चौकशी केली, "सविता, टोमॅटो कुठून आणलेस गं? रोल्लाच्या बाजारात असे मिळत नाहीत. किती ताजे आहेत!"

"अठरा दिवसांपूर्वीचे आहेत," सविता म्हणाली. "फ्रिजमध्ये नव्हते. त्या खिडकीत होते."

एक काका हात धुवायला म्हणून उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि ताट पुढे करून म्हणाले, "वाढ अजून थोडी."

सविताची मुलगी आतून ओरडली, "आई, दॅट टोमॅटो वॉज ओल्डर दॅन माय सायन्स प्रोजेक्ट!"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी सविताला बाजूला बोलावून विचारले, "नैवेद्याच्या पानातही हेच?"

"हो, दादा."

"देवापुढे शिळे?"

"शिळं असतं तर वाढलंच नसतं," ती म्हणाली. "गेले सहा महिने मी रोज तपासतेय. चुकत असेल असं वाटायचं. आज खात्री झाली, म्हणून आधी देवापुढे ठेवलं. त्याच्यापुढे खोटं ठेवायची माझी छाती नाही."

मी परत पानावर येऊन बसलो आणि कोशिंबीर संपवली. चांगली होती.

*

निबंध तयार झाला. नियमाप्रमाणे सर्वांकडे आला. मी नमुना काढला, तारीख भरली, हरकत पाठवली. कारण या वेळी खरे होते: साहेबांना तो लेप कंपनीच्या नावाने बाजारात आणायचा होता.

त्यानंतर सात महिने मीटिंगा झाल्या. लेपावर एकही नाही. सगळ्या बाटलीच्या लेबलवर. हिरवा रंग कोणता घ्यायचा यावर दोन गट पडले. एका गटाचे म्हणणे पानाचा हिरवा, दुसऱ्याचे देठाचा. दोन्ही रंगांची लेबले छापून आली. बाटली अद्याप नव्हती. बाटलीत काय भरायचे ते सविताला विचारायला कोणी गेले नव्हते.

मग मार्केटिंगला नवे गृहस्थ आले. त्यांना खजुराची चॉकलेटे आवडत. दोन्ही हिरवे रंग कपाटात गेले आणि लेप खलास.

मी साहेबांकडे गेलो. "सर, हम तो अब नहीं बना रहे. ऑब्जेक्शन वापस ले लें?"

साहेबांनी विचार केला. मग म्हणाले, "वापस लेने का फॉर्म है?"

"नहीं, सर."

"तो फिर?"

मी माझ्या खोलीत परत आलो. हरकत घेण्याचा नमुना मी केला होता. मागे घेण्याचा कोणीच केला नव्हता. तो करायला मला दहा मिनिटे लागली असती.

मी जेवायला गेलो.

*

दर हंगामाला अबू सालेम यांचा फोन येई. सलाम, घरच्यांची चौकशी, मुलांची चौकशी, आणि मग एकच प्रश्न: "कागज आया?"

पहिल्या वर्षी सविता फोन घेई. दुसऱ्या वर्षी ती माझ्याकडे पाही आणि मी घेई. तिसऱ्या वर्षी आम्ही रिसेप्शनला सांगून ठेवले की आम्ही मीटिंगमध्ये आहोत.

रिसेप्शनची मल्याळी मुलगी एके दिवशी मला म्हणाली, "सर, वो बाबा बोला, इनका मीटिंग बहुत लंबा है. अल्ला इनको ताकत दे."

ती हसत होती. मी तिला हसू नको असे म्हणालो. ती गोंधळली, कारण आदल्या आठवड्यात हाच किस्सा मी टेबलावर स्वतः सांगितला होता.

*

प्रकल्पाची मुदत संपत आली. डॉक्टर एलेनांनी निबंध शेवटचा म्हणून पुन्हा पाठवला. पत्रात त्यांनी लिहिले होते, ही संधी हुकली तर आमचे लोक दुसऱ्या कामांना लागतील आणि मग हे कोणीच पुढे नेणार नाही. मुदत तीच, तीस दिवस.

एकोणतिसाव्या दिवशी सविता माझ्या टेबलाशी आली. बसली नाही.

"दादा, एक मागते. साहेबांशी भांडू नका, कोणाला पत्र लिहू नका. काही करायचंच नाहीये. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत गप्प बसा."

"सविता, उत्तर देणे हे माझे नेमलेले काम आहे. मुद्दाम टाळणे ही अप्रामाणिकता आहे."

"आणि खोटी हरकत घेणं? आपण तो लेप बनवणार नाही हे तुम्हाला माहीत आहे."

"कारण ठरवणे माझ्याकडे नाही."

"मग अबू सालेमना दिलेला शब्द कोणाकडे आहे?"

"तो शब्द तू दिलास," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नव्हे. खिडकीतल्या टोमॅटोकडे पाहावे तशी. आतून ठीक आहे की गेला, ते तपासत.

"तुम्ही मान हलवली होती, दादा," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखी पूजा केली. देवापुढे उभा राहिलो तेव्हा काही सुचले असते, तर आज हे लिहावे लागले नसते. पण त्या वेळी माझे लक्ष घड्याळाकडे होते. ऑफिसात पोचलो, नमुना काढला, तारीख भरली. नऊ वाजून दहा मिनिटांनी हरकत गेली. मुदतीच्या आत.

सतरा वर्षांत माझे एकही उत्तर उशिरा गेलेले नाही.

*

समारोपाची सभा दुबईतल्या एका हॉटेलात झाली. सगळे देशोदेशीचे लोक आले. डॉक्टर एलेनांनी बागवाल्यांनाही आवर्जून बोलावले होते, म्हणून अबू सालेम पहिल्या रांगेत होते. नवी कंदुरा, काठी बाजूला टेकवलेली. सविता त्यांच्या शेजारी बसली होती, त्यांना हिंदीतून सगळे समजावून देत.

शेवटी डॉक्टर एलेना म्हणाल्या, चार वर्षे एकत्र काढली, आता थोडी गंमत करू. त्यांनी सहकाऱ्यांसाठी प्रशस्तिपत्रे करून आणली होती. सर्वात लांब ईमेल लिहिणारा. मीटिंगमध्ये सर्वात जास्त कॉफी पिणारा. नावे वाचली जात होती, लोक हसत होते, सेठीसाहेब सर्वांत मोठ्याने.

मग माझे नाव आले. "सर्वांत वेळेवर उत्तर देणारा भागीदार!"

सभागृहात हशा आणि टाळ्या. सविता टाळ्या वाजवत होती की नाही, ते मी पाहिले नाही. मी मंचावर गेलो, हात मिळवला, जाड कागदाचे ते प्रशस्तिपत्र घेतले आणि पायऱ्या उतरलो.

पहिल्या रांगेत अबू सालेम उभे राहिले होते. काठी न घेता. चेहरा उजळलेला.

"आ गया?" ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

सविता उठली.

मी कागद त्यांच्या हातांत दिला. त्यांनी तो आधी कपाळाला लावला. मग डोळ्यांजवळ नेला. इंग्रजी त्यांना येत नव्हते, म्हणून वरून खालपर्यंत एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले, अगदी तळापर्यंत. मग पुन्हा वरून सुरुवात केली.

"माशाल्ला," ते म्हणाले. "इसमें मेरा नाम किधर है?"