आरच्या अलीकडची रेघ

चिंतामणी सामंतांनी गिरगावातल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं इंग्रजी प्रुफं तपासली. ओळीत न मावणारा शब्द कुठे तोडायचा, हे त्यांना विचारल्याशिवाय पान मशीनवर चढत नसे. चाळीतही तोच मान. अर्ज असो की इंग्रजी लग्नपत्रिका, "काकांना दाखव आधी" हे ठरलेलं.

मग सून आली. सुरुची परळच्या एका हॉस्पिटलात नर्सेसना इंग्रजी बोलायला शिकवते. आता दार वाजलं की पहिला प्रश्न, "वहिनी आहेत का?" काकांनी दार उघडायचं आणि आत हाक मारायची, एवढंच काम उरलं. नुसता जळफळाट व्हायचा. स्वतःच्या सुनेचा हेवा करायची लाज वाटायची त्यांना, पण करायचे. अगदी मनापासून करायचे.

परवा शेजारचा लवू पोटाचा रिपोर्ट घेऊन आला. त्यात एक शब्द होता, बॉरबोरिग्मस. म्हणजे पोटातली गुरगुर. काकांनी पहिल्या 'बॉर'वर दणकून जोर देत तो वाचला.

"बाबा, जोर 'रिग'वर येतो," सुरुची स्वयंपाकघरातून म्हणाली.

लवू हसला. ते हसणं काकांना फार झोंबलं. शब्द त्यांनी जन्मभर डोळ्यांनीच वाचले होते, त्यांच्या कानावर ते घालणार कोण होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुची वही घेऊन समोर बसली. "बाबा, तोच शब्द आज फळ्यावर तोडून लिहायचाय. कुठे तोडू? हे तुमचं काम."

दुसऱ्या आरच्या, म्हणजे 'रिग'च्या अलीकडे रेघ हवी, हे काकांनी झोपेतही सांगितलं असतं. त्यांनी ती पलीकडे मारली. आता हिला हसू देत लोक!

संध्याकाळी सुरुची हिरमुसून आली. "डॉक्टर वर्गासमोर म्हणाले, शब्द चुकीचा तोडलाय."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, चुकणं शक्यच नाही, आमच्या बाबांनी तोडलाय. उद्या डॉक्टर डिक्शनरी आणतायत. आणू देत की!"

काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांनी वही ओढली, लाल पेन्सिलीने आपलीच रेघ खोडली, आरच्या अलीकडे नवी मारली आणि प्रुफावर करायचे तशी बाजूला सही केली.

"चुकलात तुम्ही?" सुरुचीचा विश्वास बसेना.

"चुकलो नाही गं. मुद्दाम केलं."

तिने त्या सहीवर बोट ठेवलं. "मग उद्या डॉक्टरांना काय सांगू?"

"सांग," काका वहीत बघत म्हणाले, "सासरा जळतो माझ्यावर."