अनसूयाचं तिसरं बाळ

सकाळी जन्मलेलं बाळ दुपारीच पिवळं पडायला लागलं. तेव्हा मी बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात नवी डॉक्टर होते. बाळाची आई अनसूया, कटंगीकडची. तिची सासू पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाई, पहिले दोन लेकरं असेच हळदीवानी पिवरे होऊन गेले."

मी आई आणि बाळ दोघांचं रक्त लॅबमध्ये पाठवलं. शंका खरी ठरली. आई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. अशा वेळी आईचं शरीर बाळाच्या रक्ताला परकं समजतं आणि त्यातल्या पेशी फोडतं. कावीळ वाढते, मेंदूपर्यंत चढते. उपाय एकच. बाळाचं रक्त थोडं थोडं काढायचं आणि तेवढंच निगेटिव्ह रक्त घालायचं.

"नागपूरला पाठवा," आमचे सिव्हिल सर्जन म्हणाले.

"सर, पोचेपर्यंत उशीर होईल."

"तुम्ही कधी केलंय?"

"कॉलेजात हाउस जॉब करताना, तिथल्या मॅडमच्या हाताखाली. एकटीनं नाही."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. "डोनर मिळाला तर करा. मी शेजारी उभा राहतो."

आईच्या सख्ख्या भावंडांचं रक्त जुळायची शक्यता जास्त. अनसूयाचा भाऊ जवळच राजेगावला होता. ट्रकवाल्याकडे निरोप धाडला. भाऊ बांबूच्या ट्रकवर बसून आला. त्याचंही रक्त निगेटिव्ह निघालं, जुळलं.

"देशील ना?" मी विचारलं.

"मले काहून इचारता, बाई? घ्या ना!"

सासू मात्र आडवी आली. "सगळं रगत बदलवाल, तं आमच्या घरचं काय राहीन त्यात?"

"नाक तुमचंच राहील, आजी."

ती हसली आणि बाजूला झाली.

नाळेच्या शिरेत बारीक नळी घातली. सिरिंजभर काढायचं, सिरिंजभर घालायचं. सिस्टर मोठ्यानं हिशेब म्हणत होत्या. मध्येच बाळाचे ठोके मंदावले. मी थांबले, कॅल्शियम दिलं. ठोके सावरले. सर शेवटपर्यंत शेजारीच उभे होते. शेवटची सिरिंज रिकामी झाली आणि बाळानं भोकाड पसरलं.

पिवळेपणा हळूहळू उतरला. घरी जाताना अनसूया म्हणाली, "बाई, याच्या आधी दोनदा मी खाली हातानं गेलती."

मी त्या बाळाला फाटकापर्यंत पोचवायला गेले. इतर कुठल्या पेशंटसाठी कधी गेले नव्हते.

पुढं अशी बाळं आली, तेव्हा सरांनी नागपूरचं नाव काढलं नाही. सरळ मला बोलावलं. मी मात्र ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला आधी एवढंच विचारायला लागले, की आधीचं मूल गेलं असेल तर कशानं गेलं. एवढं विचारायला कुठलंच यंत्र लागत नाही.