ऐरणीमागचा कोनाडा

केवळराम मारायचा. त्याच्याविषयी काही सांगायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते, कारण भंडाऱ्यातल्या पितळी भांड्यांच्या कारखान्यांत त्याची ओळखच ती होती. रागात मारायचा, राग नसतानाही मारायचा, आणि मारून झाल्यावर डबा उघडून निवांत जेवायचा. जवळच्याच शहापूरला बापाच्या धानाच्या बांधीत, भातखाचरात, होता तेव्हा अडलेल्या बैलाला त्यानं तुतारीच्या काठीला लावलेल्या खिळ्यानं इतकं टोचलं होतं की बैल दोन दिवस उठला नाही. बापानं त्याला घराबाहेर काढला तो त्याच दिवशी. पोरगा सायकलवर बसून भंडाऱ्याला आला आणि ताराचंद शेठच्या कारखान्यात चिकटला. बैल सुटला, माणसं सापडली.

पण हात मात्र कसबी होता, ते नाकारून चालणार नाही. केवळराम सांडशी धरायचा. भट्टीतून तापून निघालेल्या पितळी चकत्यांची थप्पी लांब दांड्याच्या सांडशीत धरून ऐरणीवर ठेवायची आणि भोवती उभ्या चौघांनी पाळीपाळीनं घन घालायचे. एकाचा घन वर जातो तोवर दुसऱ्याचा खाली येतो. दोन घावांच्या मधल्या फटीत सांडशीवाल्यानं थप्पी फिरवायची. डाव्या हातात सांडशी, आणि उजव्या हाताला ओल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. एखादी चकती बाहेर सरकली की त्या हातानं ती आत ढकलायची. हात, मनगट, पुढे वाकलेलं डोकं, सगळं त्या घनांच्या टप्प्यात. परात असो की पाण्याचा गुंड, भंडाऱ्याचं भांडं घडायचं ते असं, एका माणसानं चौघांच्या घनाखाली मान घालून.

म्हणूनच तिथे तंबाखूची रीत होती. सकाळी भट्टीला पहिला ताव यायच्या आधी सांडशीवाल्यानं तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि प्रत्येक घनवाल्यापुढे हात करायचा. ज्यानं चिमूट घेतली, त्याच्या मनात काही नाही. ज्याच्या मनात राग आहे त्यानं घ्यायची नाही, आणि न घेणाऱ्यानं त्या दिवशी घन उचलायचा नाही. कारण कोणी विचारायचं नाही. त्याची चिमूट ऐरणीमागच्या कोनाड्यात ठेवायची. राग उतरला की तो स्वतः येऊन ती उचलायचा, तोंडात टाकायचा आणि कामाला लागायचा. तंबाखू न खाणारेसुद्धा चिमूट कपाळाला लावून खिशात टाकत.

ही रीत केवळरामला शिकवली मारोतरावांनी. आधीचे सांडशीवाले ते. "ज्याच्या घनाखाली आपन डोस्कं ठेवतो," ते म्हणायचे, "त्याच्या मनात काय हाये, थे पयले पाहून घ्यावं गा."

केवळराम सांडशीवर बसल्यापासून कोनाडा रिकामा असा क्वचितच राहिला. आज याच्या पाठीत सांडशीचा दांडा घातला, उद्या तो चिमूट घेत नसे, घरी जाई, परवा येऊन मुकाट्यानं उचलत असे. केवळरामचं मारणं अशा रीतीनं वर्षानुवर्षं जिरत गेलं. त्याला वाटायचं, आपल्या वचकानं सगळं चाललंय. खरं तर त्याचं डोकं शाबूत होतं ते त्या कोनाड्यामुळे. पण हे त्याच्या टाळक्यात शिरायला पुढे फार मोठी किंमत पडली.

ऐंशीच्या सुमाराला घराघरात स्टीलची भांडी आली आणि पितळेला उतरती कळा लागली. ताराचंद शेठ काही वाईट माणूस नव्हे, पण धास्तावला होता. ब्याऐंशी साली तो नागपूरला एका व्याख्यानाला गेला. तेवढ्याच माणसांत जास्त माल कसा काढावा, वेळ कुठे वाया जातो ते कसं शोधावं, असं काहीसं त्या व्याख्यानात होतं. परत आला तो गजराचं घड्याळ घेऊन. आठवडाभर सकाळी ऐरणीपाशी उभा राहिला आणि मग त्यानं केवळरामला बाजूला घेतलं.

"भट्टी तयार असते आणि तुम्ही तंबाखू मळत बसता. वरून कोणी रुसला की त्याचा अख्खा दिवस बुडतो. हे बंद. गजर झाला की पहिला घाव पडला पाहिजे. आणि उद्यापासून चाराचे पाच घन. तुला मुकादम करतो."

केवळराम क्षणभर घुटमळला. मारोतराव आठवले. पण मुकादम हा शब्द कानात शिरला की मेलेली माणसं फार वेळ आठवत नाहीत.

"होते, शेठजी," तो म्हणाला. "माह्यासमोर कोन रुसते, पाहातो मी."

शेठनं स्वतःच्या हातानं कोनाडा पुसून घेतला आणि त्यात ते घड्याळ ठेवलं.

माल वाढला, हे कबूल करायला हवं. पाच घनांमधली फट इतकी अरुंद की थप्पी फिरवताना केवळरामला श्वास घ्यायला उसंत मिळत नसे. आपण काय काढतोय हे पाहून त्याची छाती फुगायची, आणि जो मागे पडेल त्याच्या नडगीवर तो दांडा घालायचा. इश्वर नावाचा नवा, पाचवा घनवाला पहिल्याच आठवड्यात लंगडायला लागला. एकाचा दात पडला. एकाला त्यानं पाण्याच्या टाक्यात गुदमरेपर्यंत बुडवला, कारण तो दोनदा पाणी प्यायला गेला होता. पूर्वी हे सगळे दुसऱ्या दिवशी चिमूट नाकारून घरी बसले असते. आता रुसायची सोयच राहिली नव्हती. माणसं सुजलेल्या अंगानं यायची, गजर व्हायचा, घन उठायचे.

घरीही तेच. चूल कधी पेटली, भात कधी उतरला, पाणी कधी आलं, सगळ्याला घाई. शकुनबाई, त्याची बायको, अंगानं किरकोळ पण जिभेला घाबरट नव्हती. एका संध्याकाळी पाट मांडता मांडता तिनं विचारलं, "तमाखू बंद केली मनता. मंग कोनाच्या मनात काय हाये, तुमाले कसं कळते जी?"

"मनात काय राहीन? सारे भेतात मले. भेनारा मानूस घन बराबर मारते."

"भेनारा मानूस कसा मारते, थे मले इचारा," शकुनबाई म्हणाली. "मी रोज भेतो. पन माह्या हातात घन नाई."

त्यानं तिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटून रक्त पाटावर पडलं. तिनं पाट पुसला, त्याला वाढलं आणि त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलली. असल्या माणसाची कीव करायची की त्याला जोड्यानं हाणायचं, हे मला आजही ठरवता येत नाही.

तेजराम हा पाचांतला सगळ्यात दांडगा. सगळ्यात जड घन त्याचा. अड्याळकडचा, थोराड, कमी बोलणारा. त्याची आई तापानं फणफणली होती. एका सकाळी गजर होऊन गेला, चौघं घन घेऊन उभे, थप्पी सांडशीत, आणि तेजराम नाही. शेठ दारात येऊन कोनाड्यातल्या घड्याळाकडे पाहत होता. केवळरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेजराम धावतच आला. "आईले औषध आनाले गेलो होतो, मुकदम."

केवळरामनं थप्पी ऐरणीवर टाकली आणि तीच तापलेली सांडशी उलट्या हातानं त्याच्या गालावर ठेवली. नुसती लावली नाही, दाबली. चर्र झालं. जळक्या कातडीचा वास भट्टीच्या वासावर चढला. तेजराम गुडघ्यावर आला, पण ओरडला नाही. इश्वर पुढे झाला तर केवळरामनं त्याच्या पोटात लाथ घातली. "अजून कोनाची माय बिमार हाये?" तो म्हणाला. शेठ आत निघून गेला. त्यानं तेजरामच्या नावावर खाडा मांडायला सांगितलं नाही, की काम थांबवायलाही नाही. तेजरामनं टाक्यातलं पाणी गालावर मारलं आणि घन उचलला.

तो दिवस सरळ गेला. संध्याकाळी ही गोष्ट शकुनबाईच्या कानावर आली. तिनं मौन मोडलं.

"उद्या नका बसू ऐरनीवर. एक दिवस जाऊ द्या."

"मी नाई बसलो तर लोक काय मनतीन? मुकदम भेला?"

"भ्या मनतो मी. एकडाव भेऊन पाहा."

सकाळी तो गेला. तेजराम आधीच आला होता. गाल टरारून फुगला होता, डोळा अर्धा मिटला होता. तो केवळरामकडे पाहत नव्हता, ऐरणीकडे पाहत होता. केवळराम बसला, गोणपाट गुंडाळलं, आणि त्याचा हात आपोआप कमरेच्या तंबाखूच्या चंचीकडे गेला. चंची तो अजून बाळगत होता. मळावी का? नुसता हात पुढे करून पाहावा का? एवढ्यात गजर झाला. पाच माणसं पाहत होती, दारात शेठ होता. आज हात पुढे केला म्हणजे मुकादम घाबरला हे सगळ्या गावाला कळणार. त्यानं चंची परत खोचली आणि थप्पी ऐरणीवर ठेवली.

"चाला," तो म्हणाला.

घाव पडू लागले. तेजरामचा घन प्रत्येक वेळी जिथे पडायचा तिथेच पडत होता. दुपार होईतो केवळरामची पाठ भीतीनं भिजली होती, आणि ती भीती लपवण्यासाठी त्यानं वेग आणखी वाढवला, शिव्या वाढवल्या. मग एक चकती सरकली. त्यानं उजवा हात घातला. इश्वरचा घन वर गेला आणि तेजरामचा खाली आला.

आवाज निराळा आला. बाकीच्या तिघांना काय झालं ते आवाजावरूनच कळलं आणि त्यांनी घन हवेतच आवरले. गोणपाट लाल झालं होतं. केवळरामनं हात ओढला तर मधली तिन्ही बोटं ऐरणीवरच राहिली, चकत्यांच्या मधोमध, चपटी. तो ओरडला तो थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेला. ज्यांना त्यानं आयुष्यभर मारलं त्याच माणसांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं, आणि पुढून धरणारा तेजराम होता.

हवालदार जबाब घ्यायला आला. तेजरामचा जळका गाल सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे केवळरामच्या एका शब्दानं तो आत गेला असता. शब्द तोंडाशी आलाही होता. दातओठ खात पडलेल्या केवळरामला शकुनबाईचा फुटलेला ओठ डोळ्यासमोर दिसत होता. ती उशाशीच बसली होती.

"चकती सरकली, सायेब," तो शेवटी म्हणाला. "मीच हात घातला."

दुसऱ्या दिवशी तेजराम आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"जानून मारला का बे?" केवळरामनं विचारलं.

तेजरामनं विचार केला. उगाच काही तरी बोलून मोकळा होणारा माणूस नव्हता तो.

"मले नाई मालूम, मुकदम. घन वर नेला तवा तुमचा हात दिसला नवता. खाली आनताना दिसला. थांबवता आला असता का नाई, थे मले आतापावतर समजून नाई राहिलं." त्याचा हात जळक्या गालाकडे गेला. "एवढं मातर सांगतो. त्या रोजी तमाखू असती, तर म्या घेतली नसती."

केवळराम भिंतीकडे तोंड करून रडला. हात दुखत होता म्हणून नव्हे. कमरेला खोचलेली ती चंची त्याला आठवत होती.

जखम भरायला पावसाळा गेला. धान कापणीला आलं तेव्हा तो कारखान्यात परतला. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती, पण सांडशी डाव्या हाताची, आणि चकती ढकलायला थोटा हात पुरतो. शेठनं जागा ठेवली होती. एवढी माणुसकी त्याच्यात होती. केवळराम सगळ्यांच्या आधी आला, कोनाड्यातलं घड्याळ काढलं आणि शेठच्या हातात दिलं.

"हे तुमच्या गादीवर ठेवा जी."

"आणि वेळ?"

"वेळ जाईन, शेठजी. जाऊ द्या."

शेठनं त्याच्या हाताकडे पाहिलं आणि घड्याळ घेऊन आत गेला.

भट्टी पेटली. केवळरामनं चंची सोडली, डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि उरलेल्या अंगठ्यानं मळायला लागला. पाचही जण घन घेऊन उभे होते. हात पुढे झाला. इश्वरनं जरा वेळ लावला, पण घेतली. दुसऱ्यानं घेतली, तिसऱ्यानं, चौथ्यानं. हात तेजरामपुढे आला. गालावरचा डाग आता पांढरट झाला होता. त्यानं तळहाताकडे पाहिलं, त्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि घन भिंतीला टेकवून ठेवला.

केवळराम त्याच्यावर ओरडला नाही. उलट त्याला एकदम हायसं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. उरलेली चिमूट त्यानं जपून कोनाड्यात ठेवली.

"उद्या पाहू, मुकदम," तेजराम दारातून म्हणाला.

"ये सावकास," केवळराम म्हणाला. "घाई नाई."