काजळी ब्याण्णव टक्के: ताईला जामसरहून आणताना

मे महिन्यात मांडववाल्याने नाशिक सोडायचं म्हणजे धंद्यावर पाणी सोडायचं. तरी निघालो. माझी मोठी बहीण मेअखेरीस शाळेतून निवृत्त होत होती आणि जव्हारजवळच्या जामसरमधलं तिचं एकोणीस वर्षांचं सामान आणायला माझीच पिकअप होती. ताईने लग्न केलं नाही. आता ती कायमची आमच्याकडे राहायला येणार होती, पण महिनाभर फोनवर ‘हो’, ‘बरं’, ‘बघू’ यापलीकडे काही बोलत नव्हती. निघताना बायको म्हणाली, “तिच्या मनात काहीतरी आहे. तिला बोलू दे. तिने तोंड उघडलं की तू मध्येच तोडतोस.” मी “बरं बरं” म्हणून निघालो, म्हणजे तिलाही तोडलंच. आदल्या दिवशी दोन लग्नांचे मांडव उतरवले होते आणि अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं.

आता गाडीबद्दल, कारण बरेच जण ही पोस्ट त्यासाठीच उघडतील. नव्या डिझेल पिकअपमध्ये धुराच्या वाटेवर एक जाळी असते. ती काजळी अडवते, आणि भरत आली की गाडी जास्तीचं डिझेल वापरून ती काजळी आतल्या आत जाळते. मेकॅनिक त्याला ‘रिजन’ म्हणतात. त्यासाठी गाडी वीस-पंचवीस मिनिटं एका दमात पन्नास-साठच्या वेगाने पळायला हवी आणि मध्ये बंद करायची नाही. माझी गाडी दिवसभर गोदाम ते मंगल कार्यालय, कार्यालय ते गोदाम, अशी दोन-दोन किलोमीटर फिरते. तिला एक दम मिळणार कुठून? म्हणून मी स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र लावलंय, ते मोबाईलवर काजळीचे टक्के दाखवतं. ज्यांना सुखाने झोपायचंय त्यांनी ते लावू नये.

नाशिक सोडलं तेव्हा शहात्तर टक्के होते. त्र्यंबकपर्यंत रस्ता झकास. पुढे घाट, वळणं, दुसरा गिअर, आणि आकडा चढत चढत पंच्याऐंशीवर. घाट संपून जरा सरळ रस्ता लागला तेव्हा केशरी दिवा लागला, इंजिनाचा आवाज जड झाला आणि आकडा उतरायला लागला. चौऱ्याऐंशी, ऐंशी, शहात्तर. मला इतका आनंद झाला की मोखाड्यात बाजाराच्या तोंडाशी चहासाठी थांबलो, आणि गाडी बंद केली. थांबलं की इंजिन बंद, ही वडिलांनी कान पिळून लावलेली सवय. चहा दहा रुपये, कांदाभजी वीस, आणि बावळटपणा फुकट. भज्याचा दुसरा घास घेताना आठवलं की गाडी जाळत होती.

पुन्हा निघालो. थोड्या वेळाने पुन्हा दिवा लागला. या वेळी थांबायचंच नाही असं ठरवलं, तर वळणावर एका आजीने हात केला. या रस्त्याला बस कमी, जीप भरल्याशिवाय हलत नाहीत. हात केलेल्या म्हातारीला उन्हात टाकून पुढे जाववेना. आजीने एक पोतं चढवलं, मग दुसरं, मग झाडाखालून आपल्या बहिणीला हाक मारली. बहीण सावकाश निघाली.

“बंद कर ना गाडी,” आजी म्हणाली. “डिझेल फुकट जाय तुझा.”

“नाही आजी, चालू ठेवावी लागते.”

“आमी काय पळून जात नाय. कर बंद.”

केली बंद. वडिलांच्या वयाच्या माणसांपुढे माझं कधी चाललेलं नाही.

जव्हारला दोघींना उतरवलं, राइस प्लेट खाल्ली (ऐंशी रुपये, वरण छान, भात भरपूर) आणि जामसरचा रस्ता धरला. टाकीत डिझेल पाव टाकीच्या वर ठेवा, नाहीतर रिजन सुरूच होत नाही. मी जव्हारलाच भरून घेतलं होतं. जामसर यायच्या आधी आकडा ब्याण्णववर गेला, दुसराही दिवा लागला आणि गाडीतला जोर निघून गेला. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी बैलगाडीसारखी चालली. कसाबसा ताईच्या दारात पोचलो.

ताई सोनूबाबांच्या घराच्या कडेच्या खोलीत राहायची. आठ खोकी, एक कपाट, एक पत्र्याची पेटी, सगळं बांधून तयार होतं. मी म्हटलं, “झाली का तयारी?” ती म्हणाली, “हो.” गाव सुनं वाटलं. बरीच घरं भिवंडी-ठाण्याकडे कामाला गेलेली, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. शाळेला सुट्टी. मेमध्ये निवृत्त होणाऱ्या बाईंना निरोप द्यायला वर्गात कोणी नसतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि वाईट वाटलं. पण मी बोललो गाडीबद्दलच.

नाशिकच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, “उभ्या गाडीत जाळा. हँडब्रेक, न्यूट्रल, आणि डॅशबोर्डवरचं रिजनचं बटण दाबून धरा. इंजिनाचा आवाज आपोआप चढेल, घाबरू नका. पण खाली वाळलेलं गवत नको, सायलेन्सर निखाऱ्यासारखा तापतो. आणि साहेब, आता मध्ये बंद केलीत तर गाडी उचलूनच आणावी लागेल.”

मे महिन्यात जामसरमध्ये वाळलेलं गवत नाही अशी जागा शोधा! अंगणात पेंढा, वाटेला पालापाचोळा. सोनूबाबा सत्तरीचे, शांतपणे सगळं ऐकत होते. इकडे सगळ्यांना ‘तू’च म्हणतात.

“म्हंजे गाडीचा राब भाजायचा हाय तुला,” ते म्हणाले.

राब म्हणजे भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा. पावसाआधी त्यावर शेण, फांद्या, पाला, गवत रचून भाजून काढतात. सोनूबाबांचा राब चारच दिवसांपूर्वी भाजून झाला होता. त्याच्या कडेची जमीनही जळून काळीभोर झाली होती. तिथे गाडी उभी करायला लावली. “इथं जळायजोगा काय नाय उरला.” मग त्यांनी हंडाभर पाणी आणि एक हिरवी डहाळी आणली आणि गाडीपासून दहा हातांवर बसले.

मी बटण दाबलं. इंजिन गुरगुरायला लागलं, करपट वास सुटला. पाच मिनिटांनी मी म्हटलं, “बाबा, तुम्ही जा घरी, मी आहे.”

“नाय. पेटवला का उठायचा नाय. अर्धा ऱ्हायला तर तण माजतो.”

आम्ही दोघं अर्धा तास बसून राहिलो. कितीतरी दिवसांत मी इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो. आकडा चव्वेचाळीसवर थांबला. मेकॅनिक म्हणाला, एवढ्यावर घरी याल. रात्री नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन मी ओसरीवर मेल्यासारखा झोपलो.

सकाळी सामान चढवलं. सोनूबाबांनी ताईच्या हातात उडदाची पुरचुंडी दिली. “येत जा बाय,” एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडे वळले. रस्त्यात शेळ्यांमागे दोन मुली होत्या. त्या ओरडल्या, “बाई, जूनमध्ये!” ताईने खिडकीतून हात हलवला आणि लगेच काच वर केली.

वाकडी वाट करून तिला शिरपामाळला जायचं होतं, दरवर्षी ती मुलांची सहल तिथे न्यायची. मोकळा माळ, भन्नाट वारा, खाली दऱ्या. तुम्ही पहाटे जा, दहानंतर डोकं भाजतं. ताई कठड्यापाशी उभी राहिली आणि दरीकडे बघत म्हणाली, “अरे बाळू, शेवटच्या दिवशी वर्गात…”

माझं लक्ष मोबाईलवर. आकडा पुन्हा साठावर. मी म्हटलं, “ताई, घरी गेल्यावर बोलू ना निवांत. ऊन वाढतंय.”

ती “बरं” म्हणाली आणि गाडीत बसली. मोखाडा आलं, घाट आला, त्र्यंबक आलं. मीच रस्ताभर डिझेल, जाळी, ऑइल असं बडबडत राहिलो. (रिजन अर्धवट राहत असेल तर ऑइलची पट्टी बघत जा, पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर ऑइल बदला.)

दुपारी दोनच्या सुमारास आमच्या गल्लीत शिरलो. शहाऐंशी टक्के, आणि केशरी दिवा नुकताच लागलेला. बायको दारात उभी. माझा हात सवयीने किल्लीवर गेला.

“जळतंय ना अजून?” ताई म्हणाली. “मग बंद नको करू.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. मी बायकोला हाताने थांब म्हटलं आणि गाडी तशीच मुंबई हायवेला काढली. पाचवा गिअर, साठचा वेग, मागे कपाट कुरकुरत होतं. ऐंशी. बहात्तर.

“मी मुलांना सांगितलंच नाही,” ताई म्हणाली. “शेवटच्या दिवशी. तोंडातून निघेना. सगळ्यांना म्हटलं, जूनमध्ये भेटू. कोण पेन्सिल आणणार, कोण झाडाला पाणी घालणार, सगळं वाटून दिलं. पोरं खरं धरून बसलीत रे. एकोणीस वर्षांत मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.”

माझ्या तोंडात तयार होतं, ‘अगं, मुलं चार दिवसांत विसरतात.’ गिळलं.

मग ती रडली. बोलली, रडली, एकेका मुलाचं नाव घेऊन सांगत राहिली. मी रस्ता बघत राहिलो. पन्नास, एकतीस, अठरा. घोटीच्या अलीकडे दिवा विझला.

ताईचं लक्ष गेलं. डोळे पुसत म्हणाली, “झालं वाटतं. वळव आता.”

“तुझं होऊ दे,” मी म्हटलं, आणि गाडी सरळ जाऊ दिली.

शाळा उघडायच्या दिवशीचा मांडव मी दुसऱ्याला देऊन टाकलाय. त्या दिवशी पिकअप जामसरला जाणार आहे. ताई वर्गात जाऊन सांगेल, आणि मी बाहेर गाडी बंद करून, तिला लागेल तेवढा वेळ बसेन.