तिच्या रक्ताचे उरलेले थेंब

धाराशिवच्या ज्या रुग्णालयात मी प्रयोगशाळेत काम करते, तिथं नवजात बाळांच्या विभागात एक अभ्यास चालू होता. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचं नेहमीच्या तपासणीसाठी रक्त काढलं, की उरलेले थेंब माझ्याकडं यायचे. मी त्यातल्या पेशींना चकाकणारे रंग लावून यंत्रात घालायची. लेझरच्या उजेडासमोरून एकेक पेशी जायची आणि पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके उमटायचे. रोगाशी झुंजणाऱ्या कुठल्या पेशी किती आहेत, ते त्यावरून कळायचं. बाळ आजारी पडण्याआधी रक्तात काही खूण दिसते का, हे आम्हाला शोधायचं होतं.

सोनारीकडची एक पहिलटकरीण सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी. मनगट माझ्या करंगळीएवढंही नव्हतं. बारसं व्हायचं होतं, म्हणून पायातल्या पट्टीवर आईचंच नाव होतं.

त्या आईनं मला पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या दारात अडवलं.

"ताई, तुमीच का ओ तिचं रक्त मोजता?"

"रक्तातल्या पेशी मोजते गं."

"लई घिऊ नका. हायच किती तिच्यात."

वेगळं काही काढत नाही, उरलेलंच घेते, असं मी सांगितलं. तेव्हा ती थोडी हसली. मग रोज यायची. नळीनं दिलेलं दूध मुलीला पचायला लागलं होतं. ती तिला उघड्या छातीशी धरून तासन् तास बसायची. "मुंग्या येत्यात, पण पाय हलवीत न्हाय म्या. जागी झाली तर?" असं म्हणायची. मला तिचा लळा लागला, खोटं कशाला सांगू. येता-जाता काचेतून त्या दोघींकडं माझी नजर जायचीच.

एका सकाळी मुलीच्या रक्तातला एक पुंजका जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. माझंच काही चुकलं असेल म्हणून मी पुन्हा केलं. तसंच आलं. तडक डॉक्टर मॅडमना बोलावलं.

पडद्याकडं पाहून त्या बाळाकडं गेल्या. पोट मऊ होतं, रंग चांगला होता, दूध पचत होतं. एक्स-रे काढला, तोही स्वच्छ आला.

"ह्या खुणेचा अर्थ अजून कुणालाच नक्की माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आतड्याला धोका असेल तर दूध बंद करावं लागतं, पण एवढ्यावरून हिचं दूध कसं तोडू? दुधावाचूनही ही बाळं खचतात."

तरीही सिस्टरना त्यांनी सारखं लक्ष ठेवायला सांगितलं, आणि स्वतःही दिवसभर तिथंच घुटमळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पोट फुगलं. आतड्याचा आजार होता, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होतो तो. लगेच दूध थांबवलं, औषधं सुरू केली. ऑपरेशनसाठी सोलापूरला न्यायची तयारी झाली, गाडी दारात येऊन उभी राहिली, पण मुलगी हलवण्यासारखी उरली नव्हती. दुपारी मॅडमनी तिच्या नळ्या काढल्या आणि तिला शेवटचं आईच्या छातीवर ठेवलं. आई नेहमीसारखीच बसली, पाय न हलवता.

महिनाभरानं ती नवऱ्याला घेऊन आली. नवरा दारातच थांबला.

"ताई, मॅडम म्हणल्या, आदल्या दिशी तुमच्या मशीनीत काय तरी दिसलं हुतं."

मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं होतं, काही लपवलं नव्हतं. मीही सांगितलं. एका जातीच्या पेशी रक्तातून ओसरल्या होत्या. आतड्यात काहीतरी बिघडत असावं, तिकडं त्या धावल्या असतील. पण नक्की कुणालाच माहीत नव्हतं.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिला दुखत हुतं का, ते दिसतं का त्यात?"

"नाही गं. ते नाही दिसत."

"मला वाटलं, दिसत आसंल."

 मग मी, तिच्या मुलीच्या रक्ताचा थोडा नमुना अजून जपून ठेवलाय, तुम्हाला नको असेल तर काढून टाकू, असं सांगितलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "घरी तिचं कायच न्हाय. फोटू बी न्हाय काढला, नजर लागंल म्हणून."

चहा घेऊन जा म्हटलं, तर नको म्हणाली. परांड्याची गाडी चुकेल म्हणून दोघं निघाली. ती पुढं, तो मागं. तिच्या ब्लाउजवर दुधाचा ओला डाग होता. पदर ओढून ती तो झाकत होती.

मॅडम राउंडवरून आल्या. काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या माझ्या स्टुलावर बसल्या, चष्मा काढून हातात धरला.  मग पलीकडं बाळांच्या विभागात एक बाळ रडलं आणि त्या उठून गेल्या.