पाण्याखालचा भोर-महाड रस्ता

"मे संपायच्या आत जाऊन येऊ. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला काही दिसेल असं वाटत नाही," बाबांनी चहा पिता पिता जाहीर केलं. नारायण पेठेत आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात, चर्चा वगैरे काही नाही. मी मुकाट्याने रजा टाकली.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. कितीतरी वर्षं त्यांनी स्वारगेट-महाड गाडी चालवली. नीरा देवघरचं धरण झालं आणि त्यांच्या रस्त्याचा मोठा तुकडा पाण्याखाली गेला. नवा रस्ता डोंगराच्या कडेने वरून काढला. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं, की जुना रस्ता आणि त्यावरचा छोटा पूल उघडे पडतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांबद्दल हात टेकल्यापासून त्यांनी तोच ध्यास घेतला होता.

सकाळी सहाला निघा, म्हणजे कात्रजला अडकत नाही. टोल नाका ओलांडला, की कापूरहोळला उजवीकडे भोरचा फाटा लागतो. तिथली मिसळ झणझणीत आणि स्वस्त. बाबांनी दोनदा रस्सा मागून घेतला. पेट्रोल मात्र भोरलाच भरा, पुढे पंपाचा भरवसा नाही आणि मोबाईलची रेंजही जाते.

भोर सोडलं आणि बाबांच्या अंगात आलं.

"सेकंडला घे."

"बाबा, सरळ रस्ता आहे."

"चढ आहे. घे म्हटलं ना!"

घेतला. गाडी केकाटली. मी जाम वैतागले. मग लक्षात आलं, की ते अजून जुन्याच रस्त्याने चालले होते. मी वरच्या रस्त्यावर होते आणि ते खालच्या. प्रत्येक वाडीपाशी हॉर्न द्यायला सांगत होते, कारण पूर्वी तो ऐकून लोक चिठ्ठी घेऊन पळत यायचे. कुणाला औषध, कुणाला चष्म्याची काच. बाबा पुण्यातून आणून दुसऱ्या दिवशी हातात द्यायचे. लहानपणी मला त्या चिठ्ठ्यांचा राग यायचा, कारण माझ्या वह्या आणायला ते हमखास विसरायचे.

एका वळणावर खाली निळं पाणी पसरलेलं दिसलं. पलीकडे उघडे, तपकिरी डोंगर. इतकं सुंदर, की थांबावंच लागलं. रस्त्याकडेला एक मावशी करवंदं विकत होत्या. बाबांना गाडीत ठेवून मी मावशींना जुन्या पुलाचं विचारलं.

"औंदा कुटला वर यायला? पाणी लई हाय. दोन उन्हाळं झालं, न्हाई दिसला."

करवंदांचा द्रोण घेऊन मी गाडीकडे आले. एरवी मी तोंडावर खरं बोलणारी म्हणून घरात बदनाम आहे.

हाताला धरून त्यांना पायवाटेने काठापर्यंत नेलं. त्यांना समोरचं दिसतच नाही, कडेचं तेवढं अंधूक दिसतं.

"आलाय वर?"

"आलाय," मी म्हणाले.

"पूल?"

"आहे. चिखलाने भरलाय."

"कठडे?"

"दोन्ही शाबूत."

"चूक. डावा मोडलाय. ट्रक धडकला होता. नीट बघ."

"हो हो, मोडलाय," मी घाईने म्हणाले. मग मी कडेची आंब्याची झाडं दाखवली आणि ती किती होती, हे त्यांनी मला सांगितलं. खडीचा चढ दाखवला. तिथे पावसात सगळे प्रवासी खाली उतरून गाडी ढकलत, हेही कळलं. अर्धा तास आम्ही तो रस्ता पाहत उभे होतो. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

पुढचा महाडकडे उतरणारा घाट पावसाळ्यात बंद असतो, तेव्हा जायचं तर आधी चौकशी करा. आम्ही भोरला जेवून चारपर्यंत घरी पोहोचलो.

आईने दारातच विचारलं, "अहो, दिसला का एकदाचा तुमचा रस्ता?"

"कसला दिसतोय! लाटा पायाशी येत होत्या, चप्पल भिजली माझी," बाबा खुर्चीत बसत म्हणाले. "पण हिने इतक्या मनापासून दाखवला, की म्हटलं, आता बघूनच घेऊ."